दूध कधी कुणाला बाधलंय काय?

...आणि वर मलाच विचारतात, दूध कधी कुणाला बाधलंय काय? नाही, तुम्हीच सांगा, मी काय मुद्दाम करतो? मला काय हौस आहे भर पावसात, हातात टमरेल घेऊन सुरूच्या बनाकडे धावायची? तुम्हाला सांगतो, मी खंडू, बुरोंडीचा, रावजी नाखव्याच्या होडीवर अकरा वर्षं तांडेल. म्हणजे होडी नाखव्याची, पण सुकाणू माझ्या हातात. वाऱ्याला भ्यालो नाही, लाटेला भ्यालो नाही, एकदा दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी होडी आडवी झाली, खलाशी देवाचं नाव घ्यायला लागले, तेव्हासुद्धा भ्यालो नाही... पण हल्ली पितळेचा पेला नुसता लांबून दिसला तरी माझा हात टमरेलाकडे जातो.

झालं काय, की माझा हात मोडला. डावा. शहाऐंशी सालचा मे सरत आलेला, पावसाच्या आधी होड्या वर ओढायचं काम चाललं होतं. खाली ओंडके घालायचे, वीस माणसांनी दोर धरायचा, आणि एकाने ओरडायचं. ओरडणारा मी. ओरडलो, दोर ताणला गेला, ओंडका सरकला आणि मी त्याच्यावर असा आडवा, की हातातनं कट्टकन आवाज आला. लोक काय म्हणाले असतील? 'अरेरे' म्हणाले असतील असं वाटतं ना तुम्हाला? म्हणाले, "बरं झालं, मोसम संपल्यावर मोडलास. नाहीतरी पावसात बसूनच असतोस!" म्हणजे मी सवड बघून हात मोडून घेतला.

दापोलीला डॉक्टरकडे गेलो. नवीन आलेला, घाटावरचा, पोरसवदा, पण बोलायला गोड. त्याने हाताचा फोटो काढला, प्लास्टर घातलं, बटणांएवढ्या मोठ्या गोळ्या दिल्या आणि म्हणाला, हाडाला कॅल्शियम लागतं, रोज लिटरभर दूध घ्या. मी म्हटलं, डॉक्टर, दूध मला चालत नाही. तर चष्मा वर करून म्हणतो, "चालत नाही म्हणजे? आवडत नाही?" मी म्हटलं, मला आवडतं हो, माझ्या पोटाला आवडत नाही. हसला! सगळे हसतात इथे, म्हणून मी हल्ली हे वाक्य बोलत नाही. म्हणाला, तुम्हा दर्यावरच्या माणसांना सवय नसते, घेत राहा, सवय होईल, "दूध कधी कुणाला बाधलंय काय?"

झालं. तिथनं हे सुरू झालं. माझी आई, आवडाबाई, दाराशी उभी राहून ऐकत होती. डॉक्टरने सांगितलेलं बाकी सगळं ती एस्टीत विसरली. हात पाण्यात घालू नको हे विसरली, गळ्यात बांधून ठेव हे विसरली, एवढं एक वाक्य मात्र पाठ करून घरी आली.

तरी मी म्हटलं असतं, जाऊ दे, नाही पीत, जुळेल हाड सावकाशीने. पण त्याच संध्याकाळी रावजी नाखवा आला बघायला. ओटीवर बसला, सुपारी कातरली, हाताकडे बघितलं, पुन्हा सुपारीकडे बघितलं, आणि म्हणाला, "खंडू, तू माझा जुना माणूस. पण नारळी पुनवेला होडी उतरणार म्हणजे उतरणार. तुझा हात चालला तर सुकाणू तुझं. नाही चालला, तर यंदाचा मोसम सदूचा."

आता सदू म्हणजे कोण? माझ्याच बायकोचा, हिराचा, धाकटा भाऊ. मीच त्याला होडीवर घेतला, मीच त्याला शिकवलं. तो बिचारा तिथेच खाली मान घालून उभा. बिचारा म्हणतोय मी, लक्षात ठेवा. तुम्हाला वाटेल, एका मोसमाचं काय एवढं? अहो, खलाशांना एकदा दुसऱ्या हाताची सवय लागली की परत कोण विचारतो? अकरा वर्षं मी मागे बसून ओरडलो, आता मी पुढे बसून जाळं ओढायचं, आणि मागनं मेव्हण्याने ओरडायचं, "भावोजी, हात चालवा!" म्हटलं, आये, आण तुझं दूध.

आमच्या वाडीत म्हैस एकच, गोदूबाईची. गोदूबाई स्वतः शेरभर दूध घेऊन आली, साय तशीच वर. मी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि घटाघटा प्यालो. सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले. काही झालं नाही. आई म्हणाली, बघ! गोदूबाई म्हणाली, "नखरे रे नुसते, दूध कधी कुणाला बाधलंय काय?" आणि अर्धा तास गेला... आणि पोटात इंजिन सुरू झालं. म्हणजे आधी नुसतं गुरगुर, मग धडधड, मग पोट असं फुगलं की लुंगीची गाठ सोडावी लागली, मग कळ... अशी कळ, अशी कळ, की मी उठलो तो सरळ सुरूच्या बनाकडे.

जून महिना, वर धो धो पाऊस. आता विचार करा. डावा हात प्लास्टरात, तो भिजता कामा नये म्हणून आईने त्याला खताची पिशवी बांधलेली. उजव्या हातात टमरेल. मग छत्री कोणी धरायची? पहिल्या दिवशी हिरा धावली मागनं छत्री घेऊन, तर सगळी वाडी पडवीत येऊन बघायला लागली, पुढे मी, मागे ती, वर छत्री, वरातच. दुसऱ्या दिवसापासून म्हटलं नको बाई, आणि छत्री हनुवटीखाली दाबून जायला लागलो. दाबा तुम्ही छत्री हनुवटीखाली आणि पळून दाखवा वाळूतनं. आणि एकदा नव्हे हो, दिवसातनं पाच वेळा, सहा वेळा!

आईला म्हटलं, आये, नाही पचत गो मला. तर पदर खोचून उभी राहिली. "मेल्या, माझं दूध दोन वर्सं प्यालास, तेव्हा नाय बाधलं तुला?" वाडीतल्या चार बायका बसलेल्या, त्यांच्यासमोर बत्तीस वर्षांच्या तांडेलाने काय बोलायचं?

मग म्हणाले, म्हशीचं जड असतं, गाईचं दे. गाईचं दिलं. पळालो. मग म्हणाले, गाईचं वातूळ, शेळीचं दे. शेळीचं दिलं. पळालो. हळद घालून दिलं, पिवळं होऊन पळालो. सुंठ घालून दिलं, खारीक घालून दिलं, पलीकडच्या वाडीतली गाय व्याली तर खरवस करून आणला, म्हणे हे दूध नव्हेच, ही वडी! वडी काय, खाली जाऊन दूधच झालं. मुंबईला गोदीत माझा भाऊ असतो, बाबल्या, त्याच्या कानावर गेलं, तर त्याने येणाऱ्या माणसाबरोबर दुधाच्या पावडरीचा डबा पाठवला आणि निरोप दिला की ही पावडर आहे, ही बाधत नाही. मी म्हटलं, आये, पावडर पाण्यात ढवळली की काय होतं? तर म्हणे, जास्त शहाणपणा करू नकोस. आणि त्या बटणांएवढ्या गोळ्या! त्या तरी पाण्याबरोबर द्यायच्या? नाही, गोळ्यासुद्धा दुधाबरोबर. का? तर औषधाला जोर यावा म्हणून. आणि प्रत्येक पेल्याला तेच, दूध कधी कुणाला बाधलंय काय, दूध कधी कुणाला बाधलंय काय... मी समोर वाळलेल्या बोंबलासारखा बसलोय, डोळे आत गेलेत, आणि मलाच विचारतायत!

पण तेही सोसलं असतं. खरा घाव पुढेच आहे. पावसात आमच्याकडे ताजी मासळी नसते, पण उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली असते, घराघरातनं डबे भरलेले, सुका जवळा, सुकट, सुकी मांदेली. बाहेर पाऊस, चुलीवर जवळा भाजलेला, कांदा, मिरची, नाचणीची गरम भाकरी... जाऊ दे, नको बोलायला. तर आईने पहिल्याच दिवशी जाहीर केलं, खंडूला मासळी बंद. का? तर दुधावर मासळी खाल्ली की अंगावर कोड उठतं. हे आमच्याकडे लहान पोरालासुद्धा ठाऊक. झालं! घरात सगळे जवळा भाकरी खातायत, वास सगळ्या घरात भरलाय, आणि माझ्या ताटात काय? दूधभात! बारक्या पोराला भरवतात तो मऊ दूधभात, वर साखर! एका दिवशी रडकुंडीला येऊन म्हटलं, आये, सकाळचं दूध कधीच गेलं गो, तू बघितलंस मला जाताना, आता पोटात दुधाचा थेंब नाही, घाल चिमूटभर जवळा. तर काय म्हणाली असेल? "दूध गेलं तरी त्याचा गुण ऱ्हातो." गुण! राहिलाच नाही हो काही पोटात, गुण कुठून राहणार?

आणि सदू. रोज संध्याकाळी यायचा. "भावोजी, कसा आहे हात?" आणि हातात तांब्या. दुधाचा! पलीकडच्या वाडीतनं, चिखल तुडवत, माझ्यासाठी गाईचं धारोष्ण दूध आणायचा. हिरा कौतुकाने बघायची, म्हणायची, माझा भाऊ किती करतो बघा. करतो, करतो. मी काय नाही म्हणतोय? माणूस वाईट नाही तो. पण मी पेला संपवेपर्यंत समोरनं हलायचा नाही, आणि मी उठलो की हळूच माझ्या त्या हाताकडे बघायचा. आता ते काळजीने की कसे, ते त्याचं त्याला माहीत.

सहा आठवड्यांनी पुन्हा दापोली. डॉक्टरने फोटो खिडकीकडे धरला, मान हलवली. म्हणाला, जुळत आलंय पण फार हळू, आणि तुम्ही इतके खंगलात कसे? मी म्हटलं, डॉक्टर, दुधाने. तो म्हणाला, "म्हणजे कमी पडतंय. दोन लिटर करा." अहो, दोन लिटर! पुनव पाच आठवड्यांवर आली, हात जुळत नाही, आणि हा माणूस मला दोन लिटर दुधात बुडवतोय. येताना एस्टीत मी सारखा त्या पांढऱ्या हाताकडे बघत होतो. खरं सांगतो, त्या दिवशी मी सुकाणू सोडलंच होतं. म्हटलं, संपलं, बसा आता पुढे जाळं ओढत.

तर त्याच आठवड्यात विमला सिस्टर आल्या. सावर्ड्याच्या, पोरांना सुया टोचायला महिन्यातनं एकदा वाडीत यायच्या. पाऊस लागला म्हणून आमच्या पडवीत टेकल्या, आणि मला बघून दचकल्या. म्हणाल्या, तांडेल, हे काय झालंय तुमचं? म्हटलं, हात मोडला. त्या म्हणाल्या, हात दिसतोय, बाकीचं काय मोडलं? मग मी सांगितलं. सगळं सांगितलं, म्हैस, गाय, शेळी, पावडर, छत्री, सगळं. आणि मी वाट बघत बसलो, की आता या पण म्हणणार, दूध कधी कुणाला... तर नाही म्हणाल्या! म्हणाल्या, "काही माणसांच्या आतड्यांना दूध पचतच नाही. लहानपणी पचतं, मोठेपणी ती ताकद जाते. माझ्या मावशीचं तसंच आहे. तुमचा नखरा नव्हे तो." तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दीड महिन्यात एका तरी माणसाने मला खरं मानलं.

मग विचारलं, आधी काय खायचात? म्हटलं जवळा, सुकट, भाजलेली मांदेली काट्यासकट, नाचणीची भाकरी. मग आता का नाही खात? मी म्हटलं, दुधावर मासळी खाल्ली तर कोड उठतं ना, म्हणून बंद. सिस्टरने सुयांची पेटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणजे जे हाडाला लागतं ते बंद केलंत, आणि जे पोटात ठरत नाही ते दोन लिटर चालू ठेवलंत?" अहो, बारीक मासळी काट्यासकट, जवळा, नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला, सगळ्यात तेच कॅल्शियम! घरात डबे भरलेले! सहा आठवडे मी त्या डब्यांकडे पाठ करून दूधभात गिळला! ताकसुद्धा म्हणाल्या घेऊन बघा थोडं, आंबट ताक सोसतं पुष्कळांना. आणि गोळ्या पाण्याबरोबर.

आई कुठली ऐकते? म्हणाली, बाई, मासळी दिली आणि कोड उठलं तर? सिस्टर म्हणाल्या, "आवडाबाई, दूधच बंद केलं तर कोड कशाने उठेल?" अहो, आईच्याच नियमाने आईला गाठली! उठली, आत गेली, आणि थोड्या वेळाने आतनं जवळा भाजल्याचा वास आला. मी पाच भाकऱ्या खाल्ल्या. खाऊन तसाच ओटीवर बसून राहिलो, अर्धा तास, तास, दोन तास. कुठे जावं लागलं नाही. टमरेल कोपऱ्यात, छत्री खुंटीला, आणि मी आपला पाऊस बघतोय. असं सुख नाही हो.

मग काय, दिवसागणिक अंग भरायला लागलं. सदू दूध आणतच होता, गोदूबाई देतच होती, त्या दुधाची हिरा पोरांना खीर करायची. नको म्हणून कुणाला सांगायचं? वाईट वाटेल म्हणून कुणी सांगितलं नाही, आणि तिथेच आमचं चुकलं. पुनवेच्या आठवडाभर आधी प्लास्टर निघालं. डॉक्टरने फोटो बघितला आणि टेबलावर थाप मारली, "बघितलंत? दोन लिटर केलं आणि फरक पडला!" मी म्हटलं, डॉक्टर, मी तर दूध सोडलं... तर तोवर त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली होती. वाडीत तेच. गोदूबाई तर म्हशीला ओवाळायचीच बाकी होती. "हाड कशाने जुळलं? दुधाने! आणि हा म्हणायचा बाधतं. दूध कधी कुणाला बाधलंय काय?"

म्हटलं, म्हणा. काय म्हणायचं ते म्हणा. रावजी नाखव्याने मला किनाऱ्यावर उभ्या होडीत बसवलं, सुकाणू धरायला लावलं आणि स्वतः खांदा लावून पलीकडनं रेटलं. पहिल्यांदा मनगट कळवळलं, घाम फुटला, पण मी सोडलं नाही. दुसऱ्यांदा रेटलं, हललं नाही. नाखवा धापा टाकत म्हणाला, "बस. सुकाणू तुझं." पुनवेला दर्यात नारळ सोडला, होडी उतरली, मी मागे बसलो आणि असा ओरडलो, असा ओरडलो, की लोक म्हणाले, हात मोडला होता की गळा? पुढे सदू दोर ओढत होता. गुणी पोर. मला तेव्हा तो फार आवडला.

आणि संध्याकाळी किनाऱ्याला लागलो, तर हिरा उभी. नवी साडी, हातात हळदकुंकू, डोळे भरलेले. म्हणाली, "अवो, माझा नवस फळला." म्हटलं, कसला नवस? तर म्हणाली, तुमचा हात जुळत नव्हता ना, तेव्हा गणपतीपुळ्याला जाऊन बोलले होते, की पुनवेला यांच्या हातात सुकाणू दे, हे वर्षभर दर संकष्टीला नुसत्या दुधावर उपास करतील. नुसत्या दुधावर! ना साबुदाणा, ना शेंगदाणा, ना केळं! मी म्हटलं, अगं बाई, स्वतःसाठी बोलायचं होतंस, मला का गोवलंस? तर म्हणाली, हात तुमचा, मग उपास पण तुमचाच. म्हटलं, सिस्टरने सांगितलंय ना, मला पचत नाही म्हणून? तर पदराने डोळे पुसून म्हणते, "ते घरचं दूध वो. देवाच्या नावाचं दूध कधी कुणाला बाधलंय काय?" पुळ्याला तिच्याबरोबर कोण गेलं होतं? सदू. नवस तिला सुचला की तिला कुणी सुचवला, ते मी विचारलं नाही. संसारात काही गोष्टी विचारू नयेत.

आता नवस म्हणजे नवस. बाकी कुणालाही नाही म्हणेन, देवाला कसं नाही म्हणू? त्याने तर त्याचं काम चोख केलं, पुनवेला सुकाणू माझ्या हातात दिलं. पण मला सांगा, दूध पिऊन होडीवर कसं जायचं? पाच माणसं, चार हात रुंद होडी, चारी बाजूंना पाणी. तांडेलाने सुकाणू सोडून जायचं कुठे? म्हणून दर संकष्टीला मी किनाऱ्यावर, आणि होडी घेऊन जातो सदू. तीन झाल्या, नऊ राहिल्या. आज चौथी. होडी पहाटेच गेली, मघाशी त्याचं ओरडणं इथपर्यंत ऐकू आलं, चांगला ओरडतो हल्ली. म्हणून तर तुमच्याशी एवढं बोलायला सवड मिळाली, नाहीतर माझ्यासारखा माणूस या वेळेला किनाऱ्यावर कशाला सापडतोय?... बसा, बसा, तुम्ही उठू नका. मी आलोच.